तांबडी रेघ कुणी वाचायची?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृग लागला. आमच्या फोंडा तालुक्यात कपडे वाळायचे बंद झाले आणि गावच्या फार्मसीसमोर, इतर गिऱ्हाईक हटेपर्यंत बाजूला उभी राहणारी, मग हळू आवाजात काहीतरी मागणारी माणसं दिसू लागली. काय मागतात ते मला रस्त्याच्या पलीकडूनही कळतं: खाजेवरची ट्यूब, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. दोन पावसाळ्यांमागे तसाच बाजूला मीही उभा होतो.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. पण गावात मला मान आहे तो रंगभूषेमुळे. उत्सवी रंगभूमीवर पस्तीसेक वर्षं तोंडं रंगवतोय. देवळाच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड, त्यात एक आरसा, शंभराचा बल्ब आणि खुर्ची, हा माझा रंगपट. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट नाही. पण माणसाच्या चेहऱ्याची कातडी वीतभर अंतरावरून, भक्क उजेडात, एवढी वर्षं पाहिलेला माणूस पंचक्रोशीत दुसरा नसेल. (आमचा न्हावी सोडून, आणि तो पत्र लिहिणार नाही.)

यंदा माघातल्या उत्सवात ऐतिहासिक नाटक होतं. सरदाराचं काम करणारा मुलगा पंचविशीचा, एका कारखान्यात पाळीवर जाणारा. आवाज खणखणीत, उंची चांगली. खुर्चीवर बसला, मी ओल्या फडक्यानं चेहरा पुसून घेतला आणि हात थांबला. दोन्ही गालांवर केसाहून बारीक तांबड्या शिरांचं जाळं. गालाची कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी चकचकीत. हनुवटीवर सगळ्या एकाच मापाच्या बारीक पुळ्या, जणू कुणी टाचणीनं टोचून काढल्यात. कानशिलाच्या बाजूनं लव वाढलेली. दोन वर्षांपूर्वी याच पोराला मी याच खुर्चीवर रंगवलं होतं, तेव्हा तारुण्यातल्या चारदोन पुटकुळ्या सोडल्या तर चेहरा स्वच्छ होता.

मिशीसाठी स्पिरिट गमचा ब्रश वरच्या ओठावर टेकवला मात्र, तो खुर्चीतून उठलाच. डोळ्यांत पाणी.

“तोंडाक कितें लायता रे?” मी विचारलं.

“कांय ना मास्तर, क्रीम.”

बॅगेतून त्यानं ट्यूब काढून दाखवली. टूथपेस्टसारखी शेवटापासून गुंडाळत आणलेली. मिशीची जाळी विणताना लावतो तो चष्मा चढवून मी ती बल्बखाली धरली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं शेवटचं म्हणजे सूज आणि लाली दाबणारं स्टेरॉइड. डाव्या कडेला उभी तांबडी रेघ आणि तांबड्या अक्षरांत आरएक्स. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही. चिठ्ठी कुठली? मावशीच्या मुलीनं लग्नाआधी लावली होती, ती उजळली, म्हणून यानंही आणली. पहिल्या पंधरा दिवसांत पुटकुळ्या बसल्या, चेहरा उजळला, कारखान्यातले विचारायला लागले काय लावतोस म्हणून. असं दीड वर्ष, रोज रात्री, पूर्ण तोंडाला. मधे एकदोनदा बंद करून पाहिली, तर तिसऱ्या दिवशी तोंड उकडलेल्या कुर्लीसारखं लाल आणि आग आग. पुन्हा लावली की शांत. त्यामुळे क्रीम चांगलं आणि आपली कातडीच वाईट, अशी त्याची खात्री झालेली.

त्या रात्री सरदाराला मिशी चिकटवली नाही, पेन्सिलीनं काढली. दुसऱ्या अंकात घामानं ती ओघळली आणि पुढच्या रांगेतली पोरं हसली. पोराला ते फार लागलं.

आता माझं स्वतःचं. दोन पावसाळ्यांमागे कमरेला, लेंग्याची नाडी बसते तिथे, चार आण्याच्या नाण्याएवढं गोल वर्तुळ उठलं. कड तांबडी, किंचित उंच, मध्ये कातडी साधी. खाज अशी की वर्गात शिकवत असतो तर फळ्याकडे तोंड करून खाजवलं असतं. गजकर्ण आहे हे कळायला डॉक्टर कशाला हवा, म्हणून फार्मसीत गेलो. काउंटरवर साहेब नव्हते, मदतनीस मुलगा होता. त्यानं न विचारता एक ट्यूब पुढे केली. “सगळ्यावर चालते, मास्तर.” शंभराच्या आत किंमत.

तो खोटं बोलला नव्हता. त्या ट्यूबमध्ये सगळ्यावरचं सगळं होतं. बुरशीवरचं एक औषध, जंतूंवरची दोन आणि क्लोबेटासोल हे स्टेरॉइड. आयुष्यभर अपूर्णांक आणि शेकडेवारी शिकवलेला माणूस मी, त्या यादीत क्लोबेटासोलपुढे ०.०५ टक्के हा आकडा वाचला आणि मनात म्हटलं, एवढंसं तर आहे, नावापुरतं घातलं असेल. इथे माझं गणित साफ फसलं. पुढे कळलं की मलमांतलं सौम्य स्टेरॉइड म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन एक टक्का असतं, आणि हे ०.०५ टक्क्यांचं क्लोबेटासोल त्याहून शेकडो पटींनी जोरदार. कातडीला लावायच्या स्टेरॉइडांत सर्वांत वरच्या वर्गातलं. शेकडेवारी सांगते किती घातलंय. कशाचं घातलंय हे तिला माहीत नसतं. चौथीच्या पोरानं अशी चूक केली असती तर मी वही फेकली असती.

दोन दिवसांत खाज गेली. आठ दिवसांत वर्तुळ फिकं पडलं. लावणं थांबवलं, दहा दिवसांनी परत आलं, या वेळी रुपयाएवढं. पुन्हा ट्यूब. असं दिवाळीपर्यंत चाललं. तोवर त्याला वर्तुळाचा आकारच राहिला नव्हता. कमरेपासून जांघेपर्यंत ओघळ आल्यासारखे तपकिरी पट्टे, त्यांत मधेच नवी कडी, कडीत कडी.

याचं कारण मला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात कळलं. (फोंड्याहून पणजी, पणजीहून बांबोळी, दोन बसगाड्या आणि एक अख्खा दिवस.) खाज, तांबडेपणा, सूज हे बुरशीचं काम नव्हे, बुरशीविरुद्ध आपल्या शरीरानं केलेली बोंब असते. स्टेरॉइड ती बोंब बंद करतं. घरात चोर शिरलाय आणि आपण भुंकणाऱ्या कुत्र्याला अफू घातली, असा प्रकार. त्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं खरं, पण आपण ट्यूब खाजेच्या हिशेबानं लावतो. खाज थांबली की झाकण लावतो. बुरशी मरायला आठवडे लागतात आणि खाज मरायला दोन दिवस.

डॉक्टरबाईंनी पात्याच्या बोथट कडेनं माझ्या कमरेचा कोंडा काचेवर खरवडून घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडा वेळ ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जुना मास्तर आहे म्हटल्यावर मलाही डोळा लावू दिला. कातडीच्या पेशींच्या विटांमधून आडवे गेलेले, पेरापेरांचे, काचेसारखे धागे. पाच महिने मी यांना खतपाणी घालत होतो.

त्यांनी आणखी एक शब्द सांगितला, तो माझ्या धंद्यातला असल्यामुळे कायमचा लक्षात राहिला. स्टेरॉइड लावून ओळख बुजलेल्या गजकर्णाला वैद्यकात टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, वेषांतर केलेलं गजकर्ण. १९६८ साली इंग्लंडातल्या डॉक्टरांनी हे नाव दिलं. म्हणजे रोगाचीच रंगभूषा, आणि ती करणारा मीच. अशा रोग्याला पुढचा डॉक्टर पाहतो तेव्हा त्यालाही पहिल्या नजरेत इसब वाटावं की सोरायसिस, हे समजत नाही.

गोळ्या आणि साधं, एकाच औषधाचं बुरशीवरचं मलम असं दोन महिने चाललं. पहिले दहा दिवस सर्वांत वाईट, कारण स्टेरॉइड सुटल्यावर कुत्रा जागा झाला आणि दुप्पट भुंकला. गजकर्ण गेलं. जांघेत मात्र जांभळट रेषा राहिल्या, बाळंतपणानंतर बाईच्या पोटावर येतात तशा, आता पांढऱ्या पडल्यात. त्या जात नाहीत. पासष्टीच्या माणसाच्या जांघेकडे बघायला कोण येतंय, ते सोडा. पण हेच विशीतल्या मुलीच्या दंडावर झालं तर?

एका घरात गजकर्ण एकट्याला होत नाही. आमच्याकडे टॉवेल एक, ट्यूब एक. आधी बायकोला झालं, मग मुलाला. ट्यूब न्हाणीघराच्या फळीवर पेस्टशेजारी असायची आणि ज्याला खाजेल तो पिळायचा. नातवाच्या लंगोटाच्या जागी लालसर चट्टे उठले तेव्हा माझ्या बायकोनं तीच ट्यूब पुढे केली. सुनेनं हातातून काढून घेतली. “आई, ही पोराला नको, डॉक्टरांना विचारूया.” तिनं तेव्हा नाही म्हटलं याबद्दल मी तिचा ऋणी आहे. लहान मुलाची कातडी पातळ, त्यावर डायपरची गच्च बंद झापड, त्याखाली लावलेलं स्टेरॉइड कातडीतून थेट अंगात उतरायला मोकळं. नातवाला झालं होतं ते नुसतं ओल्या डायपरचं. वारा, कोरडं ठेवणं आणि झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम, चार दिवसांत गेलं.

माझ्या लहानपणी आमच्या न्हाणीत तांब्याचं भाण चुलीवर तापत असे आणि वर आडव्या काठीवर आई पावसाळ्यात कपडे टाकी. शाळेत आमच्या सदऱ्याला धुराचा वास यायचा, त्याची लाज वाटायची. पण ते कपडे खडखडीत वाळलेले असत. आता यंत्रातून अर्धवट वाळलेली जीन्स अंगावर चढते, वरून नायलॉनचा रेनकोट, त्यात अर्धा तास स्कूटर. बुरशीला आणखी काय हवं? डॉक्टरबाईंनी मलमाच्या आधी कपड्यांचीच चौकशी केली. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात, ऊन नसेल तर आतून बाहेर करून कमरेच्या शिवणीवर इस्त्री, घट्ट विजार नको. ही चिठ्ठी कुठल्याही फार्मसीत मिळत नाही.

थोडं विषयांतर करतो, कारण गजकर्णाशी गोव्याचं नाव जगभर जोडलेलं आहे आणि ते आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर एक पिवळट तपकिरी भुकटी विकली जायची, तिचं नावच ‘गोवा पावडर’. प्रत्यक्षात ती ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातून निघायची आणि पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे यायची. कपड्यांवर डाग पडत, डोळ्याला लागली तर डोळा सुजे, पण गजकर्णावर चाले. १८७६ साली लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर या त्वचारोगतज्ज्ञाकडे एक रोगी आला, त्यानं स्वतःच्या सोरायसिसला गजकर्ण समजून ही पावडर लावली होती आणि सोरायसिस सुधारला होता. त्यातूनच पुढे १९१६ साली जर्मनीत डिथ्रॅनॉल हे सोरायसिसचं औषध तयार झालं. म्हणजे आपल्या मनानं काहीबाही लावल्याचा जगाला फायदाही झालाय, हे मी नाकारत नाही. पण त्या रोग्याचं नशीब चांगलं होतं.

आपल्या इथला टाकळा, म्हणजे आमचा तायकिळा, हाही गजकर्णावरचाच; संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात, चक्र मोडणारा. पावसात तायकिळ्याची भाजी आम्ही आवडीनं खातो, पाला चोळून लावणारे म्हातारेही पाहिलेत. आणि सरकारी दवाखान्यात पूर्वी व्हिटफील्डचं मलम मिळायचं, सहा टक्के बेंझोइक आम्ल, तीन टक्के सॅलिसिलिक आम्ल. आपली डबी घेऊन जावं लागे. लावलं की आग व्हायची, वर्तुळ सोलून निघायचं, वेळ लागायचा. आजच्या ट्यूबपुढे ते गावंढळ दिसतं. पण ते खाज दाबून ठेवून आत बुरशी वाढवत नव्हतं.

खाजेचं तोंड दाबल्यावर रोग कसा वाढतो याचा पुरावा देशभर आहे. गेल्या दहापंधरा वर्षांत हे न जाणारं, सारखं उलटणारं गजकर्ण भारतात इतकं पसरलं की त्यातल्या एका बुरशीला २०२० साली नावच मिळालं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. पूर्वी हमखास चालणारं टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध हिच्यातल्या पुष्कळांवर चालत नाही. स्टेरॉइड घातलेल्या मलमांचा मनमानी वापर याला हातभार लावतो, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

चेहऱ्याचं तर त्याहून आधीपासून सांगतायत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या १२ केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रोगी तपासले, त्यांतले ४३३ जण तोंडाला स्टेरॉइडचं मलम लावत होते. निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. आमचा सरदार त्या ४३३ जणांत नव्हता, तेव्हा तो शाळेत होता. पण त्याची मावसबहीण, मदतनीस मुलगा, मी स्वतः, सगळी त्या ‘कुणीतरी’ मध्ये बसतो. गावात मीच दोघांना माझ्या ट्यूबचं नाव सांगितलं होतं, पहिल्या आठ दिवसांत, जेव्हा खाज गेली होती तेव्हा.

कायदा नाही असं नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्रानं चौदा स्टेरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातली. तोवर कातडीला लावायच्या मलमांना या यादीतून सूट होती. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, तीत असल्या मिसळी मलमांपैकीही काही होती. कागद चोख आहे. तांबडी रेघ छापली जाते. ती वाचायची कुणी? विकणारा म्हणतो गिऱ्हाईकानं, गिऱ्हाईक म्हणतो विकणाऱ्यानं, आणि ट्यूब एवढी लहान की अक्षरं वाचायला मिशी विणायचा चष्मा लागतो. तीही इंग्रजीत.

गावच्या फार्मसीच्या मालकांशी मी याबद्दल बोललो. माणूस भला आहे. म्हणाले, “मास्तर, मी दिली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या नाक्यावर जाऊन घेतं, आणि माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायलाही येत नाही. बांबोळीला पाठवतो तर म्हणतात एक दिवसाची मजुरी तुम्ही देता काय?” यात खोटं काय आहे? कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, रोजानं जाणाऱ्या माणसाला पायांच्या बोटांमधल्या चिखल्यांसाठी दोन बसगाड्या बदलून जा म्हणणं मला निवृत्तिवेतन मिळतं म्हणून सोपं आहे.

म्हणून डॉक्टरशिवाय काहीच लावू नका, असं मी म्हणत नाही. चिखल्या असतील, नवं, लहान, एकटं वर्तुळ असेल तर साधं क्लोट्रिमॅझोल एक टक्का घ्यावं, ट्यूबवर तेवढं एकच नाव असावं. दिवसातून दोनदा, वर्तुळाच्या कडेबाहेर दोन बोटं जास्त, आणि दिसेनासं झाल्यावरही दोन आठवडे. या शेवटच्या दोन आठवड्यांत सगळे आळशी होतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली वळी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरे; आपण एक तर ठिपका लावतो नाहीतर इडलीवर चटणी घालावी तसं थापतो. घामोळ्यांना कॅलामाइन आणि सैल सदरा. हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना व्हॅसलीन. रात्री अंग खाजतं, बोटांच्या बेचक्यात पुळ्या आहेत आणि घरात दोघातिघांना आहे, तर ती खरूज, गजकर्ण नव्हे. तिथे एकट्यानं मलम लावून उपयोग नाही, परमेथ्रिन मानेखाली सगळ्या अंगाला, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आठवड्यानं पुन्हा, आणि तेही विचारूनच. आणि ट्यूबवर कुठेही शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ असं येणारं नाव दिसलं, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल, तर चिठ्ठीशिवाय ती परत द्यावी. (क्लोट्रिमॅझोलच्या शेवटीही ‘झोल’ ऐकू येतं, त्यानं घोटाळा करू नये. माझी बायको नेमका तोच करते.)

पंधरा दिवसांत कमी झालं नाही, जांघेत, चेहऱ्यावर किंवा डोक्यात असेल, रोगी लहान मूल असेल, मधुमेह असेल, तर मजुरी बुडवूनसुद्धा जावं. आणि एक चट्टा असा असतो जो खाजत नाही, दुखत नाही, नुसता पांढुरका किंवा तांबूस दिसतो आणि चिमटा काढला तरी कळत नाही. त्याला तर कुठलंच मलम लावत बसू नये. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, रोग पूर्ण बरा होतो, फक्त उशीर झाला तर बोटं जातात.

माझं हे बोलणं ऐकून शेजारच्या वहिनींनी त्यांच्या हातावरच्या इसबाचं मलम बंद केलं होतं. डॉक्टरनं दिलेलं, मोजून दिलेलं, किती दिवस ते लिहून दिलेलं. आठवड्यात बोटं चिरली. माझ्यामुळे झालं म्हणून मीच त्यांना परत घेऊन गेलो. स्टेरॉइडचं पहिलं मलम १९५२ साली आलं तेव्हा इसबाच्या रोग्यांना पहिल्यांदा रात्रीची झोप मिळाली असेल. औषध वाईट नाही. भांडण आहे ते मोजमाप न ठेवता पेस्टच्या शेजारी ठेवण्याशी.

औषध प्रशासनाकडे माझी मागणी लहान आहे. प्रत्येक फार्मसीच्या काउंटरवर, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर, मराठी-कोंकणीत मोठ्या अक्षरांत पाटी असावी: या स्टेरॉइडांची नावं असलेलं मलम चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. अशानं पुढच्या नाक्यावरच्या दुकानाची पंचाईत सारखीच होईल आणि आमच्या भल्या माणसाला रक्तदाबाचं गिऱ्हाईक गमवावं लागणार नाही. दुसरी मागणी आरोग्य केंद्रांकडे: पावसाच्या चार महिन्यांत आठवड्यातून एक दिवस, संध्याकाळी, त्वचेचा डॉक्टर प्राथमिक केंद्रात बसावा. संध्याकाळी म्हणजे मजुरी बुडत नाही. सूक्ष्मदर्शक आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडची बाटली, याहून अधिक सामान लागत नाही.

आमचा सरदार आता बांबोळीच्या उपचारावर आहे. मलम हळूहळू सोडवतायत, उन्हातून जाताना तोंडाला फडकं बांधतो, कारखान्यातले चिडवतात. शिरा काही प्रमाणात राहतील असं सांगितलंय. येत्या माघात त्याला पुन्हा मिशीची भूमिका हवी आहे. मी स्पिरिट गम वापरणार नाही. जाळीच्या दोन्ही टोकांना मऊ रबर लावून कानामागून घ्यायची असा एक प्रयोग चालू आहे, स्वतःच्या तोंडावर.

आपला,
एक हौशी रंगभूषाकार, फोंडा तालुका
(नाव व पत्ता आपल्याकडे कळवला आहे)

ता. क. : पत्र टाकायला निघालो तर गावच्या फार्मसीत काउंटरच्या काचेला आतून हस्तलिखित कागद चिकटवलेला दिसला. स्टेरॉइडांची नऊ नावं आठवून लिहिली होती. त्यांतलं ‘क्लोबेटासोल’ चुकलं होतं, ‘ब’ला मात्रा नव्हती. खिशातल्या लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून दिलं.